व्याह्यांनी निवडलेले सांधे

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून आमच्या व्याह्यांइतकी पारख असलेला माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्यांचा व्याही असूनही म्हणतो यातच काय ते ओळखावं. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाची स्तुती करायची ती लग्न लागेपर्यंत. पुढे तोंडदेखली चालते. माझं उलट झालं. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना घाबरत होतो, मग काही वर्षं त्यांना हसत होतो, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्याकडे देवळाच्या कळसाकडे बघावं तसा बघतो. पण पिंपळीपासून कळंबपर्यंत कुठंही त्यांचं नाव काढा, लोक अजून एकच गोष्ट सांगतात. म्हणे या माणसानं शर्यतीच्या गाडीसाठी महिनोन्‌महिने सांधे निवडले आणि पहिल्याच शर्यतीत ते खिळखिळे झाले. सांधे खिळखिळे झाले हे खरं. निवड चुकली हे साफ खोटं. ते खोटं आहे हे ठाऊक असलेला एकच माणूस त्या दिवशी माळावर उभा होता आणि तो गप्प बसला. तो माणूस मी. त्यामुळे हे लिहायचं कामही माझंच.

व्याह्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. कळंबच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. ऊस आहे, द्राक्षं आहेत, आणि या दोन्हींपेक्षा जास्त जागा अडवून बसलेली एक शेड आहे. माणूस अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून भरभक्कम, आणि विनय हा गुण त्यांच्या वाटणीला आलाच नव्हता. "आपल्यासारखं बघणारा हितं कोण हाय?" हे ते रोज एकदा तरी म्हणत, आणि नुसतं म्हणून थांबत नसत, समोरच्याकडून उत्तर घेत. निवड करणं हा त्यांचा धंदा नव्हता, छंदही नव्हता. त्यांचा तो श्वास होता. चपला घ्यायला गेले तर दुकानात त्या घालून दुपारभर फिरत, मध्ये चहा पिऊन येत, आणि संध्याकाळी दुकानदाराला सांगत, "उजवी बरी हाय, डावीचं काय तरी बघा." खुरप्याची मूठ ते डोळे मिटून धरत. इंजेक्शन घ्यायचं तर डॉक्टरांना आधी दुसऱ्या कुणाला तरी देऊन दाखवायला लावत. आणि वाहन दिसलं की त्यांचे हात आपोआप पुढं होत. ते खाली बसत, चाक वरून आणि खालून धरत आणि गदागदा हलवत. कुणाचं वाहन, कशासाठी उभं आहे, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

माझ्या लेकीला बघायला मंडळी आली तेव्हाचं सांगतो. पोहे झाले, चहा झाला, लेक येऊन बसली, आणि नवऱ्या मुलाचा बापच जागेवर नाही. शोधलं तर अंगणात माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला मिठी मारून बसलेले. मी हात जोडून म्हटलं, "आबा, आत मुलगी आलीय." ते चाक न सोडता म्हणाले, "मुलगी मी फाटकातच बघितली. शेरडाला पाला टाकत हुती, तवाच पसंत पडली. पर पाव्हणं, हा सांधा गेलाय. ह्या गाडीतनं तुमी बाजाराला जाता? लई धीराचं हायसा." लग्न तिथंच ठरलं आणि मी दुसऱ्याच दिवशी गाडी दुरुस्तीला टाकली. पुढे एकदा आमच्या एका नातेवाइकाच्या मयताला ते आले होते. वैकुंठरथ दारात उभा, बायका रडताहेत, आणि आबा पांढऱ्या धोतरासकट त्या गाडीखाली. बाहेर येऊन धूळ झटकत हलक्या आवाजात मला म्हणाले, "डाव्या अंगाचा सांधा ढिला हाय. मयताला काय फरक पडत न्हाय, पर मागं चौघं बसणार हायती." आवाज हलका म्हणजे त्यांच्या मानानं. रडणाऱ्या बायकाही क्षणभर थांबल्या. आणि माझ्यावर विश्वास ठेवा, मागे बसायला चौघांतला एकही तयार होईना. शेवटी ड्रायव्हरनं गाडी बैलाच्या चालीनं नेली.

अशा माणसानं शर्यतीची गाडी बांधायला घेतली तेव्हा काय झालं असेल, याची कल्पना करा. साठी जवळ आलेली, नातवंडं खेळताहेत, आणि यांनी एक जुनी पांढरी गाडी आणून शेडमध्ये उभी केली. इंजिनाचं काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवलं. "इंजिन कुणी बी करंल. गाडी पळती इंजिनावर, पर ऐकती चाकाचं," असं त्यांचं म्हणणं. चाक गाडीच्या सांगाड्याला काही दांड्यांनी जोडलेलं असतं. कंपनीच्या दांड्या ठरल्या मापाच्या असतात. शर्यतवाले त्याजागी लांबी कमीजास्त करता येणाऱ्या दांड्या बसवतात, म्हणजे चाक किती कलतं ठेवायचं, त्याचं तोंड किती आत वळवायचं, हे आपल्या हातात येतं. ज्यानं ट्रॅक्टरची टॉप लिंक फिरवून नांगराची खोली लावली आहे त्याला हे दोन वाक्यांत कळेल. एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा, मधली नळी फिरवली की लांबी बदलते. मला ते आबांनी असंच समजावलं. पण दांडीपेक्षा त्यांचा जीव होता तो दांडीच्या टोकाच्या सांध्यात.

या सांध्यांचे तीन प्रकार, आणि तिन्ही प्रकार ते घरातल्या माणसांसारखे समजावून सांगत. रबरी बुश, म्हणजे दांडीच्या टोकात दाबून बसवलेलं रबराचं नळकांडं, हा गरीब जावई. आवाज नाही, तक्रार नाही, पण वळणावर नक्की कुठल्या बाजूला झुकेल सांगता येत नाही. पॉलियुरेथेनचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा बुश ही कडक सासू. जागची हलत नाही, पण वेळच्या वेळी वंगण मिळालं नाही की दिवसभर कुरकुर. आणि तिसरा गोळीचा सांधा, लोखंडी कडीत फिरणारी गुळगुळीत पोलादी गोळी. त्याचं नाव काढलं की आबांचा आवाज देवळात गेल्यासारखा व्हायचा. त्यात ढिलाई शून्य. रस्त्यावरचा खडा न् खडा तुमच्या दातापर्यंत पोचवणार, पण चाक जिथं लावलं तिथंच राहणार. त्यांचा पुतण्या बारामतीत टायरचं दुकान चालवतो, चाकं सरळ करायचं यंत्रही त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, "आबा, आपल्या मातीत गोळीचा सांधा टिकत न्हाय. धूळ खाती त्येला. रबर घाला आन् गप बसा." आबा म्हणाले, "तुला रबर घालायला सांगत्यात म्हणून तू यंत्रावर बसलाईस. मला बघाय येतं म्हणून मी मातीत बसलोय."

मग पाळी आली दांड्या आणि सांधे निवडण्याची. कोईमतूरहून आल्या, पुण्याहून आल्या, काही परदेशातून आल्या, काही बारामतीच्या लेथवर करून घेतल्या. सोप्यातल्या झोपाळ्यावर त्या मांडलेल्या असत आणि पाहुणे खाली बसत. आबा एकेक सांधा बोटांवर खेळवत, गोळी किती अंशापर्यंत तिरकी होते बघत, आटे किती खोल आत गेलेले राहतात ते मोजत, कारण दांडी लांब करण्याच्या नादात आटा टोकाला आला की तो सांधा दगा देतो. आवडलेला सांधा ते खिशात घालून गावभर हिंडत. ग्रामसभेत त्यांचा एक हात कायम खिशात असे आणि लोकांना वाटे, आबांनी काहीतरी गुप्त आणलंय म्हणून ते दबून आहेत. दुपारी झोपताना दांड्या उशाशी. विहीणबाई मला म्हणाल्या, "दादा, मला म्हायेरी सोडा. ह्यांचा संसार त्या दांड्यांबरोबर झकास चाललाय." आबा आतून ओरडले, "तिला सांगा, दांड्या उलट बोलत न्हाइत." विहीणबाईंनी त्या दिवशी जेवणात मीठ घातलं नाही. आबांनी ताट संपवलं आणि म्हणाले, आज भाजीची खरी चव कळली.

शेवटी त्यांनी निवडले ते आतून पांढरं अस्तर असलेले सांधे. गोळी आणि कडी यांच्यामध्ये कापडासारखा एक पातळ थर असतो. तोच त्याचं वंगण, बाहेरून काही द्यायचं नाही. त्यावर धुळीसाठी रबराच्या घट्ट टोप्या. "पुतण्या म्हणतोय धूळ खाती. धुळीला आत येऊच न्हाय दिलं तर खाईल काय?" दांड्या बसवल्या तो दिवस मी कधी विसरणार नाही. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं शेडची जमीन समपातळीत आणली. ठिबकची ओळ धरायची दोरी गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणली. चालवणारा आत बसलेला असतानाच माप घ्यायचं असतं, आणि त्यांच्या वजनाचा माणूस सगळ्या गोतावळ्यात मीच निघालो. मला बसवलं, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा वाडगा दिला. मी शेंगा फोडून खाऊ लागलो तसे ते खालून ओरडले, "तात्या, वाडगा मांडीवरनं पोटात जाऊ द्या, पर टरफलं भाईर टाकू नका, वजन बदलतंय!" मी टरफलं खिशात भरली. आणि तिथं बसून मी बघत होतो. हा एवढा थोरला, बडबडा माणूस तोंडातून शब्द न काढता नळीला केसभर पीळ देत होता, दोरीपासूनचं अंतर बघत होता, पुन्हा केसभर. देवाच्या मूर्तीला डोळे बसवतात तसं ते होतं. मी साखर कारखान्यात शेतकी खात्यात आयुष्य काढलं, नाना तऱ्हेची यंत्रं आणि माणसं बघितली, पण एखाद्या कामापुढं माणूस इतका गप्प झालेला दुसरा पाहिला नाही.

आता माझं.

खंडेनवमीला मी त्यांच्याकडे होतो. मळ्यातली सगळी औजारं धुऊन मांडली होती. ट्रॅक्टर, ट्रॉली, कुळव, फवारणीचा पंप. आबा झेंडूची फुलं आणायला इंदापूरला गेलेले. मी रिकामा बसलो होतो, म्हणून ग्रीसगन घेतली आणि ट्रॉलीपासून सुरुवात केली. आमच्या पिढीला एक खोड आहे. माझ्या वडिलांनी मला चालायला आणि बैलगाडीच्या आसाला वंगण द्यायला एकाच वयात शिकवलं असावं. हलणारी वस्तू कोरडी दिसली की आम्हाला जनावर तहानलेलं दिसल्यासारखं होतं. ट्रॉली झाली, ट्रॅक्टर झाला, आणि माझी नजर त्या पांढऱ्या गाडीवर गेली. मनात म्हटलं, एवढ्या लाडानं बसवलेले सांधे, आणि सणाला कोरडे? खाली वाकून बघितलं तर ग्रीसगन लावायला निप्पलच नाही. यावरूनच मला कळायला हवं होतं. मी काय केलं, टोप्या बाजूला सारल्या, बोटानं काळं ग्रीस भरपूर भरलं आणि टोप्या अंगठ्यानं दाबून बसवल्या. काही नीट बसल्या, काही तशाच. वरून फडक्यानं सगळं लखलखीत पुसलं. आबा आले की सांगायचं होतं. खरं तर शाबासकी घ्यायची होती. मग पूजा झाली, पुरणपोळी झाली, मी झोपलो, आणि राहून गेलं.

दिवाळीनंतर वरकुट्याच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला एका माळावर शर्यत होती. मातीवर आखलेला वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एक गाडी, कमी वेळात येईल तो पुढं. त्याआधी आबांनी गाडी मळ्याच्या धुळीत भरपूर पळवली होती. मी दिलेल्या ग्रीसनं ती धूळ प्रेमानं धरून ठेवली आणि वाळूचा कागद घासावा तसं आतलं अस्तर घासून टाकलं. पहिल्या फेरीत गाडी अशी गेली की लोक उभे राहिले. वळणावर मागचा भाग सुटतोय असं वाटायचं आणि चाक मातीत बोट रोवल्यासारखं थांबायचं. दुसऱ्या फेरीत खडखडाट सुरू झाला, मग एका वळणावर मागचं चाक भलतीकडेच वळलं आणि गाडी फिरून टायरांच्या ढिगात जाऊन रुतली. आबांना खरचटलंसुद्धा नाही. ते उतरले, खाली गेले, आणि सांधा खोलून हातात घेऊन बाहेर आले. त्यातून काळा चिखल गळत होता.

पुतण्या म्हणाला, "सांगितलं हुतं का न्हाय?" आजूबाजूचे हसले. आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी आपल्या सगळ्या माणसांकडे बघून विचारलं, "ह्यात ग्रीस कुणी घातलं?" ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला, गडी नाही म्हणाला. मी धरणाच्या पाण्यावरचे पक्षी बघत होतो. का, ते सांगतो. माझी लेक त्या घरात नांदत होती. मला वाटलं, उद्या कुणी तिला म्हणेल, तुझ्या बापानं आबांची गाडी घालवली. मला असंही वाटलं की संध्याकाळी एकांतात सांगता येईल. पण तेवढ्यात आबा तो सांधा उलटसुलट करत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मग येतानाच भरलेलं आलं आसंल. ग्रीस भरत्यात त्यात अस्तर नसतंय. म्हंजी ह्यात बी नव्हतंच. मला हाय असं दिसलं." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "निवड माझीच चुकली." त्यांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. हसणारेही थांबले. त्यानंतर संध्याकाळ झाली, पण माझं तोंड उघडलं नाही. मग दिवस गेले, आणि दर दिवसागणिक ते अवघड होत गेलं.

गाडी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. त्याचं मला तितकं काही नव्हतं. पण आबा निवडायचे थांबले. चपला मुलगा आणेल त्या घालू लागले. चाकाला हात लावेनात. "आपल्यासारखं बघणारा" हे वाक्य बंद झालं, आणि त्याजागी आलं, "तुमाला काय वाटतं?" हे ते सालगड्याला विचारत, विहीणबाईंना विचारत, मला विचारत. विहीणबाईंनी एकदा मुद्दाम मीठ न घालता वाढलं, काहीतरी बोलतील म्हणून. ते म्हणाले, "मला आता चव कळत न्हाय बहुतेक." त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. माझी लेक सासऱ्यांना मामा म्हणते. माहेरी आली की म्हणायची, "तात्या, मामांचं काहीतरी बिनसलंय हो. तुम्ही त्यांच्या बरोबरीचे, तुम्ही विचारा ना." मी म्हणायचो, वय झालं त्यांचं. किती वर्षं मी हेच म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात इंदापूरच्या बाजारात आम्ही दोघं कलिंगडाच्या ढिगापुढं उभे होतो. आबांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमीच बघा तात्या, माझ्या नजरंचं काय खरं न्हाय." माझ्या हातात कलिंगड होतं. ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मी म्हणालो, "आबा, ते ग्रीस मी घातलं होतं."

त्यांना लगेच कळलं. कुठल्या गाडीत, कधी, हे विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "कंचं?"

"ट्रॉलीचं."

"काळं?"

"काळं. खंडेनवमीला. टोप्या काढून."

"चारी चाकास्नी?"

"हो."

ते कलिंगडवाल्याच्या पोत्यावर बसले. कलिंगडवाला म्हणाला, "आबा, घ्यायचं असंल तर घ्या, बसाय जागा न्हाय." आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी अस्तर हुतं." मी म्हटलं, "होतं." "मला दिसलं ते खरं हुतं." "खरं होतं आबा." मग ते उठले. एक कलिंगड उचललं, थापटलं, ठेवलं. दुसरं उचललं, देठ बघितला, ठेवलं. मी पिशवी धरून उभा, आणि हा माणूस त्या सगळ्या ढिगातून हात फिरवत गेला आणि शेवटी कलिंगडवाल्याला म्हणाला, "ह्यात एक बी घेण्यासारखं न्हाय. कुणी निवडून आणली ही? त्येला घरी बसवा." कलिंगडवाला भांडायला उठला. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला हातात नेमकी रिकामी पिशवी होती.

ते माझ्याशी बराच काळ बोलले नाहीत. ते योग्यच होतं. लेकीला कुणी काही बोललं नाही. उलट विहीणबाईंनी तिच्या हातून मला लोणच्याची बरणी पाठवली. मग एक दिवस निरोप आला, या म्हणून. गेलो तर ताडपत्री काढलेली, गाडी धुतलेली, आणि झोपाळ्यावर नवे सांधे, त्याच जातीचे. मी खाली बसलो. आबा म्हणाले, "ग्रीसचं मनात न्हाय माझ्या. हात हाय, चालला. पर मी इचारलं, आन् तुमी पक्षी बघत बसला." त्यांनी मग तो विषय पुन्हा काढला नाही. सांधे निवडले, बसवले. पुतण्या बारामतीहून मुद्दाम बघायला आला, दोन्ही हातांनी चाक हलवून बघितलं, आणि डोकं खाजवत म्हणाला, "आबा, ढिलाई न्हाय की." "न्हायच," आबा म्हणाले.

आता ते गाडी शर्यतीला नेत नाहीत. कळंबच्या रस्त्यानं सकाळी सावकाश फिरवतात, आणि शेजारी मला बसवतात. कारण असं की गेल्या वर्षापासून त्यांना कमी ऐकू येतं. कानातली यंत्रं त्यांनी दुकानात सगळी लावून बघितली आणि एकही पसंत पडलं नाही. परवा मळ्यापासून थोडं पुढं गेलो असू. गाडी अशी चालली होती की बोलायचं सुचू नये, आणि आबांचा चेहरा तर असा उजळलेला की त्यावर नजर ठरेना. तेवढ्यात मला मागून बारीक टकटक ऐकू आली. वाटलं, असू दे, घरी गेल्यावर सांगू.

"आबा," मी ओरडून म्हणालो, "डाव्या अंगाला, मागं. टकटक येतेय."

त्यांनी तिथंच गाडी कडेला घेतली. गुडघे धरत उतरले, पोतं अंथरलं आणि खाली गेले. बाहेर नुसते पाय दिसत होते. आतून आवाज आला, "दांडीचा लॉकनट सैल झालाय, आवळतो. आणिक काय ऐकू येतंय? समदं सांगा तात्या, काय ठिवू नका." मी वाकून सांगितलं की दार वाजतं, माझी सीट करकरते, इंजिन थंड होताना टिकटिकतंय. आणि वळणापलीकडून उसाच्या बैलगाड्या येत होत्या, अजून दिसत नव्हत्या, त्यांच्या बैलांची घुंगरंही मी आबांना सांगितली.